निश्चित पेन्शनचा पैसा कोण भरतं, केव्हा भरतं आणि तूट आली तर काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निश्चित लाभ पेन्शन म्हणजे काय? एनपीएस त्यात येते का?

पेन्शन किती मिळणार हे सूत्रानं आधीच ठरलेलं असेल, तर ती निश्चित लाभ पेन्शन. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. पीएफ कापल्या जाणाऱ्या नोकरदारांच्या ईपीएस-95, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत, पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70 असं सूत्र आहे. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, याच्या उलट आहे. तिथे हप्ता ठरलेला आणि पेन्शन बाजारावर सोडलेली, म्हणून ती निश्चित अंशदान योजना. 1 एप्रिल 2025 पासून केंद्रात सुरू झालेली यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, दोन्हींच्या मधली आहे: हप्ताही ठरलेला, लाभही ठरलेला. दोन्ही बाजू ठरवून टाकल्यावर फरक पडला तर तो कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच. निश्चित पेन्शनवरचे जवळजवळ सगळे वाद या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

सूत्र ठरलंय, हमीही आहे. मग आधीपासून फंड कशाला हवा?

कायद्यानं हवाच असं नाही. जुन्या पेन्शनला फंड नाही. दर महिन्याची पेन्शन त्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे त्या वर्षीच्या करांतून दिली जाते. सरकार बंद पडत नाही, कर लावू शकतं, म्हणून हे चालतं. तरी खर्च नाहीसा होत नाही, फक्त पुढच्या पिढीच्या करदात्यावर जातो.

कंपनीला ही चैन परवडत नाही. कंपनी बुडाली आणि बाजूला काढलेला पैसा नसेल, तर पेन्शनर इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. म्हणून कंपन्या, बँका आणि ईपीएफओ (पीएफ आणि ईपीएस-95 चालवणारी केंद्राची संस्था) यांच्याकडे पैसा वेगळ्या फंडात ठेवण्याची पद्धत आहे. फंडाचा दुसरा फायदा शिस्तीचा. आज दिलेल्या आश्वासनाची किंमत आजच्याच ताळेबंदात दिसते, त्यामुळे आश्वासन देणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. जुन्या पेन्शनवर नेमकी हीच टीका होते: आश्वासन देणारं सरकार एक आणि बिल भरणारं दुसरं.

फंडात किती पैसे असायला हवेत हे कोण ठरवतं?

विमागणितज्ञ, म्हणजे ॲक्च्युअरी. प्रत्येक सभासदाचं वय, सेवा आणि पगार घेऊन तो पुढच्या साठ-सत्तर वर्षांत कोणाला किती पैसे द्यावे लागतील याचा अंदाज बांधतो आणि ते सगळं आजच्या रुपयात आणतो. त्यासाठी चार गृहीतकं लागतात: पगारवाढ, आयुर्मान, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण आणि डिस्काउंट रेट, म्हणजे पुढचं देणं आजच्या रुपयात आणताना धरलेला व्याजदर.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती शेवटच्या गृहीतकावर. 20 वर्षांनी द्यायचे 1 लाख रुपये आज किती धरायचे? 6 टक्के दर धरला तर 31,180 रुपये. 7 टक्क्यांनी 25,842 आणि 8 टक्क्यांनी 21,455. देणं तेच, माणसंही तीच, तरी दोन टक्क्यांच्या फरकानं आजचं देणं जवळजवळ एक तृतीयांश कमी दिसू लागतं.

तर मग दर कोणता धरायचा? एक गट म्हणतो, सरकारी रोख्यांचा, कारण वचन पक्कं आहे आणि पक्क्या वचनाची किंमत पक्क्या व्याजानंच काढावी. दुसरा गट म्हणतो, फंडाची गुंतवणूक शेअर्समध्येही आहे, तेव्हा अपेक्षित परतावा धरा, उगाच घाबरून हप्ते वाढवू नका. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र दुसऱ्या पद्धतीत जोखीम संपत नाही, फक्त दिसेनाशी होते. भारतात कंपन्यांच्या हिशेबात हा वाद मिटलेला आहे. लेखा मानकांप्रमाणे, म्हणजे एएस 15 आणि इंड एएस 19 नुसार, आपल्याकडे सरकारी रोख्यांचाच दर धरतात. हप्ता किती ठेवायचा या चर्चेत मात्र तो अजून जिवंत आहे.

गृहीतकांमुळे खरंच एवढा फरक पडतो का?

ब्रिटनमधल्या विद्यापीठ शिक्षकांची यूएसएस ही योजना बघा. 31 मार्च 2020 च्या मूल्यांकनात तिच्यात 14.1 अब्ज पौंडांची तूट निघाली. एप्रिल 2022 पासून पुढच्या सेवेचे लाभ कापले गेले, त्याआधी आणि नंतर विद्यापीठांत संप झाले. 31 मार्च 2023 च्या मूल्यांकनात त्याच योजनेत 7.4 अब्ज पौंडांचं आधिक्य निघालं. 2024 मध्ये लाभ पूर्ववत झाले आणि कर्मचाऱ्यांचा हप्ता 9.8 टक्क्यांवरून 6.1 टक्क्यांवर आला. तीन वर्षांत प्राध्यापक बदलले नव्हते. बदलले होते ते व्याजदर. 2020 चं मूल्यांकन कोविडच्या पहिल्या धक्क्यात, बाजार कोसळलेला आणि रोख्यांचं व्याज तळाला गेलेलं असताना झालं होतं. म्हणून एका दिवसाच्या मूल्यांकनावरून लाभ कायमचे कापणं किंवा वाढवणं, दोन्ही घाईचं ठरतं.

ईपीएस-95 च्या फंडात पैसा कुठून येतो?

ही योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली. तुमच्या पगारातून कापलेले 12 टक्के पूर्णपणे पीएफमध्ये जातात, पेन्शनमध्ये एक रुपयाही जात नाही. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन फंडात वळतात आणि केंद्र सरकार 1.16 टक्के घालतं. हे सगळं 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंतच. म्हणजे महिन्याला मालकाचे 1,250 आणि सरकारचे 174. मर्यादा सुरुवातीला 5,000 होती, जून 2001 पासून 6,500 झाली आणि सप्टेंबर 2014 पासून 15,000 आहे.

फंडाचं मूल्यांकन दरवर्षी करायची तरतूद योजनेतच आहे आणि त्यावरून हप्ता किंवा लाभ बदलायचा अधिकार सरकारला आहे. 2008 मध्ये कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) बंद झालं, 2014 मध्ये पगाराची सरासरी 12 ऐवजी 60 महिन्यांची झाली. हप्ता न वाढवता तूट कमी करण्याचेच हे मार्ग होते. मर्यादा वाढली तेव्हाच हप्त्याची रक्कम वाढली, टक्का तसाच राहिला.

माझ्या हप्त्यांचे व्याजासकट वीस-पंचवीस लाख होतात. मग पेन्शन साडेसात हजारच का?

हा हिशेब चुकीचा नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. 33 वर्षं सलग 15,000 वर 1,424 रुपये महिना भरले आणि 8 टक्के व्याज धरलं, तर जवळजवळ 25 लाख होतात. 20 वर्षं किंवा त्याहून जास्त सेवेला 2 वर्षांचा बोनस मिळतो. त्यामुळे 15,000 गुणिले 35 भागिले 70, म्हणजे 7,500 रुपये महिना. वर्षाचे 90,000. पंचवीस लाखांवर हे 3.6 टक्के झाले, आणि वर मुद्दलही वारसांना परत नाही. पूर्वी भांडवल परत घेण्याचा पर्याय होता, तोही 2008 मध्ये गेला. अशा सभासदाला ही योजना महागच पडते.

पण आज पेन्शन घेणारा कोणीही 33 वर्षं 15,000 वर हप्ते भरून आलेला नाही. ती मर्यादाच 2014 ची. 1996 मध्ये 1,000 रुपये पगार असलेल्या कामगाराचं उदाहरण घ्या. त्या वर्षी त्याच्या नावे मालकाचे साधारण 1,000 आणि सरकारचे 139, मिळून 1,139 रुपये जमा झाले. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांत त्याचे सुमारे 5,800 होतात. त्या एका वर्षाच्या सेवेसाठी सूत्र मात्र शेवटच्या वर्षांचा सरासरी पगार धरतं. सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6,500 ची मर्यादा लागते, म्हणजे 6,500 भागिले 70, महिना सुमारे 93 रुपये, वर्षाला 1,114. 5,800 रुपये जमा असताना वर्षाला 1,114 द्यायचे, तेही तहहयात आणि नंतर पत्नीला निम्मे. पाच-सहा वर्षांत जमा संपते.

उरलेला पैसा कुठून येतो? आज 15,000 वर हप्ता भरणाऱ्या तरुण सभासदांकडून आणि नोकऱ्या बदलत दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच कमी रक्कम घेऊन बाहेर पडणाऱ्यांकडून. विधवा, अनाथ मुलं आणि अपंग सभासद यांची पेन्शनही याच पैशातून, आणि तिला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. ईपीएस ही बचत योजना नाही, सामायिक विमा आहे. ईपीएफओनं हे सभासदांना कधी नीट समजावलं नाही आणि पासबुकात मात्र पेन्शनचा वेगळा रकाना दाखवला. त्या रकान्याकडे बघून लोक स्वतःच्या पैशाचा हिशेब मागणारच.

किमान पेन्शन 1,000 वरून 7,500 का होत नाही?

सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये आहे आणि सूत्रानुसार कमी पडणारी रक्कम केंद्र अर्थसंकल्पातून देतं. 2013 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं किमान 3,000 सुचवले होते. आंदोलकांची मागणी 7,500 आणि महागाई भत्त्याची आहे. महाराष्ट्रात साखर कारखाने, एसटी आणि सहकारी संस्थांमधले निवृत्त कर्मचारी त्यात पुढे आहेत.

खर्चाचा अंदाज ढोबळपणे असा. पेन्शनर 75 लाखांहून जास्त आहेत. सरसकट प्रत्येकाला महिना 1,000 रुपये वाढवले, तर वर्षाला 9,000 कोटी लागतात. हा पैसा फंडातून काढला तर तो आजच्या सभासदांच्या पेन्शनमधून जातो, करांतून दिला तर तो सामाजिक सहाय्य ठरतो. आमच्या मते किमान पेन्शन करांतूनच द्यावी आणि उघडपणे तसं म्हणावं. 1,000 रुपयांत एका माणसाची महिन्याची औषधंही येत नाहीत. पण ती वाढवण्यासाठी फंडाच्या मूल्यांकनाकडे डोळेझाक करणं म्हणजे आज पस्तिशीत असलेल्याचा खिसा कापणं.

पूर्ण पगारावर वाढीव पेन्शन द्यायला ईपीएफओ का कुरकुरतं?

कारण जमा आणि देणं यांतला वर दाखवलेलाच फरक तिथे कितीतरी पटींनी वाढतो. सर्वोच्च न्यायालयानं 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालात 2014 चे बदल मोठ्या प्रमाणात वैध ठरवले आणि पात्र सभासदांना संयुक्त पर्याय, म्हणजे 15,000 ची मर्यादा सोडून खऱ्या पगारावर पेन्शन मागणारा मालक-कर्मचाऱ्याचा एकत्र अर्ज, देण्यासाठी चार महिने दिले. ती मुदत पुढे 11 जुलै 2023 पर्यंत वाढत गेली. पर्याय घेतला की मागच्या सगळ्या वर्षांचा फरक व्याजासह पीएफमधून पेन्शन फंडात वळतो. 15,000 वरच्या पगारावर सभासदानं 1.16 टक्के भरावेत ही अट न्यायालयानं रद्द केली. मग मे 2023 मध्ये केंद्रानं तो भार मालकाच्या 12 टक्क्यांतच बसवला.

इथे गोंधळ नेहमी एकाच जागी होतो: पर्याय मंजूर होतो, मागणीपत्र येतं आणि पीएफमधली रक्कम आधीच काढून घर बांधलेलं असतं. तेव्हा फरकाची रक्कम पदरची भरावी लागते. होकार देण्याआधी ती रक्कम वर्षाला जास्त मिळणाऱ्या पेन्शननं भागून बघा, किती वर्षांत वसूल होते. बारा-तेरा वर्षांहून जास्त लागत असतील तर वय, तब्येत आणि जोडीदाराचं वय बघूनच ठरवा.

राज्यांनी जुनी पेन्शन परत आणली की खर्च लगेच वाढतो का?

नाही, उलट कमी होतो, आणि खरी मेख इथेच आहे. एनपीएसमध्ये राज्याला दर महिन्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 ते 14 टक्के रोख भरावे लागतात. जुनी पेन्शन आणली की तो हप्ता थांबतो. 2005 नंतर लागलेले कर्मचारी मोठ्या संख्येनं निवृत्त व्हायला लागतील ते 2030 च्या दशकात. म्हणजे आज निर्णय घेणाऱ्या सरकारच्या हाती पैसा खेळतो आणि बिल दोन-तीन निवडणुकांनंतर येतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या बुलेटिनमधल्या अभ्यासानं, सगळी राज्यं जुन्या पेन्शनकडे परतली तर एकत्रित भार एनपीएसच्या सुमारे साडेचार पट होईल, असा अंदाज मांडला होता. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी परतीची घोषणा केली. पण एनपीएसमध्ये आधीच जमा झालेला पैसा राज्याला परत द्यायची तरतूदच कायद्यात नाही, असं केंद्रानं स्पष्ट केलं.

कर्मचाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. तीस वर्षं नोकरी करून निवृत्तीच्या महिन्यात बाजार पडला, तर त्याची झळ एकट्या कर्मचाऱ्यानं का सोसावी? त्याच्यापेक्षा ती झळ पेलायची ताकद सरकारकडे जास्त आहे.

महाराष्ट्रात आत्ता काय स्थिती आहे?

1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संप झाला. फेब्रुवारी 2024 च्या निर्णयानं, ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं यूपीएसला मंजुरी दिली.

यूपीएसमध्ये कर्मचाऱ्याचे 10 आणि सरकारचे 18.5 टक्के पुरतात का?

आधी रचना. सरकारच्या 18.5 पैकी 10 टक्के कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात जातात आणि 8.5 टक्के सामायिक पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र निधीत. 25 वर्षांच्या सेवेला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के, वर महागाई भत्त्याप्रमाणे वाढ. 10 वर्षांच्या सेवेला किमान 10,000. कुटुंब निवृत्तिवेतन 60 टक्के.

आता पुरतात का ते मांडून बघू. समजा, गुंतवणुकीवरचा परतावा आणि पगारवाढ सारखीच आहे. मग दरवर्षी जमा होणारे 28.5 टक्के हे शेवटच्या पगाराच्याही 28.5 टक्केच राहतात. 25 वर्षांत सव्वासात वर्षांच्या पगाराला थोडं कमी, 7.1 वर्षांचा पगार साठतो. पेन्शन अर्ध्या पगाराची, म्हणजे परतावा महागाई भत्त्याइतकाच धरला तर पैसा सव्वाचौदा वर्षं पुरतो. साठाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस चौऱ्याहत्तरीला पोचतो, आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्यानंतर. 30 वर्षांची सेवा असेल तर सतरा वर्षं.

तात्पर्य, योजना टिकते ती परतावा पगारवाढीपेक्षा वर्षाला एक-दोन टक्क्यांनी सरस राहिला तर. आणि सरकारी पगार कसा वाढतो? वार्षिक 3 टक्के वेतनवाढ, महागाई भत्ता, बढत्या आणि मध्येच वेतन आयोग. आयोगानं पगारात मोठी उडी दिली की त्या दिवशी 50 टक्क्यांचा पाया वर जातो, मागे भरलेले हप्ते मात्र जुन्याच पगारावरचे. ही दरी पूलनं भरायची आहे. पूल कमी पडला तर सरकारी वाटा वाढणार.

कर्मचाऱ्यांकडून निसटणारा मुद्दा 'बेंचमार्क कॉर्पस'चा आहे. सगळे हप्ते वेळेवर भरून ठरलेल्या पद्धतीनं गुंतवले असते तर जमा झाली असती ती ही रक्कम. तुम्ही मध्येच पैसे काढले किंवा गुंतवणुकीचा वेगळा पर्याय घेतला आणि खातं त्यापेक्षा कमी भरलं, तर फरक भरून द्या, नाहीतर पेन्शन त्या प्रमाणात कमी घ्या. '50 टक्क्यांची हमी' म्हणताना ही अट कुणी मोठ्यानं वाचत नाही.

सरकारी बँकांच्या पेन्शनचं काय?

1995 च्या नियमांनुसार तिथे वेगळा पेन्शन फंड आहे. बँकेनं दरवर्षी 31 मार्चला ॲक्च्युअरीकडून तपासणी करून घ्यायची आणि कमी पडेल तेवढी रक्कम भरायची. म्हणजे तूट बँकेची, अखेर नफ्यातून जाणारी. दर पाच वर्षांनी पगारकरार झाला की तरतूद फुगते, ती यामुळेच. 2010 मध्ये पीएफऐवजी पेन्शन घेण्याचा दुसरा पर्याय दिला तेव्हा कर्मचाऱ्यांनीही वाटा उचलला. सेवेत असलेल्यांनी नोव्हेंबर 2007 च्या पगाराच्या 2.8 पट भरले. निवृत्तांनी पीएफमधला बँकेचा वाटा आणि वर त्याचे 56 टक्के. 1 एप्रिल 2010 पासूनच्या भरतीला एनपीएस. जुन्या निवृत्तांचं पेन्शन अपडेशन (नव्या पगारकराराप्रमाणे पेन्शन वाढवणं) रखडलंय ते याच हिशेबात.

आमची कंपनी छोटी आहे, पेन्शन नाही. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

ग्रॅच्युइटी हीसुद्धा निश्चित लाभ योजनाच आहे: शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले सेवेची वर्षं. 26,000 वर 10 वर्षांचे 1,50,000. बऱ्याच छोट्या कंपन्या यासाठी काहीच बाजूला काढत नाहीत आणि दोन जुने कर्मचारी एकाच वर्षी निवृत्त झाले की रोकड अडते. ताळेबंदात नुसती तरतूद दाखवल्यानं करसवलत मिळत नाही. मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी ट्रस्टमध्ये पैसे भरले तर मिळते. वार्षिक नियमित हप्त्याची मर्यादा पगाराच्या 8.33 टक्के.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. महिन्याच्या 40,000 पैकी मूळ पगार 15,000 असलेल्याचं वेतन आता किमान 20,000 धरलं जाईल. 12 वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी 1,03,846 वरून 1,38,462 वर गेली. ही वाढ मागच्या सगळ्या वर्षांनाही लागते, म्हणून ती एकाच तिमाहीत अंगावर आली.

ॲक्च्युअरीला यादी पाठवताना होणाऱ्या चुका ठरावीक असतात. जन्मतारखेच्या जागी रुजू झाल्याची तारीख, मूळ पगाराऐवजी हातात येणारा पगार आणि केव्हाच सोडून गेलेली माणसं यादीत तशीच. पगारवाढ 5 टक्के लिहून प्रत्यक्षात 10 टक्के देत असाल, तर दरवर्षी मार्चमध्ये 'अनपेक्षित' तोटा निघत राहील.

माझ्या योजनेचा अहवाल हाती आला तर आधी काय बघू?

दायित्व आणि फंडातली मालमत्ता शेजारी ठेवा. मग डिस्काउंट रेट आणि पगारवाढ यांतला फरक बघा. दर 7 आणि पगारवाढ 4 असं लिहिलं असेल, तर गेल्या पाच वर्षांची खरी पगारवाढ तपासा. अहवालाच्या शेवटी संवेदनशीलतेचा तक्ता असतो: दर अर्धा किंवा एक टक्का बदलला तर देणं किती बदलेल. तो आकडा कंपनीच्या वर्षाच्या नफ्याशी ताडून बघा. शेवटी ट्रस्टची गुंतवणूक. 2018 मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीनं रोख्यांचे पैसे थकवले तेव्हा कंपन्यांचे अनेक पीएफ ट्रस्ट त्यात अडकले होते. अशा ट्रस्टला ईपीएफओइतकं व्याज द्यावंच लागतं आणि कमी पडलं तर मालकाला पदरचं भरावं लागतं. म्हणून एकाच कंपनीच्या किंवा समूहाच्या रोख्यांत किती टक्के पैसा आहे, हे विश्वस्तांना लेखी विचारा.